भाकरीचा ठराव

संस्थेत माझं काम लिहून घेण्याचं होतं. कोण काय बोललं, कोणी काय मांडलं, शेवटी काय ठरलं. माझं अक्षर बरं आहे म्हणून ते काम मला मिळालं असावं. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही. कॉलेजच्या फळ्यावर ‘बैठकांचे इतिवृत्त लिहिण्यासाठी विद्यार्थी हवा’ असा कागद लावलेला होता. तो मी तीन दिवस येता-जाता वाचत होते. चौथ्या दिवशी शिपाईकाका म्हणाले, “आता पाठ झाला असेल. जाऊन तरी ये.”

संस्था महाडच्या बाजारपेठेत एका चपलांच्या दुकानावर होती. दोन खोल्या, एक पंखा आणि भिंतभर पुस्तकं. महाडात पुस्तकं तळमजल्यावर कोणी ठेवत नाही. पुराला वाचनाची फार आवड आहे, असं ताई म्हणायच्या.

ताई म्हणजे संस्था चालवणाऱ्या बाई. वय पन्नाशीचं, पूर्वी बँकेत अधिकारी होत्या. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवशी मला समजलं ते एवढं: आपण मत देऊन सरकार निवडतो, ग्रामपंचायत निवडतो, पण दिवसाचे दहा-दहा तास जिथे राबतो तिथे आपल्याला कोणी काही विचारत नाही. तिथे एक जण ठरवतो आणि बाकीचे मान खाली घालून करतात. हे असंच असायला हवं का? कामाची जागा काम करणाऱ्यांनीच मिळून चालवली तर? मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भांडवलशाहीवर एक धडा होता आणि परीक्षेला येणाऱ्या प्रश्नांवर मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. पण त्या धड्याचा माझ्या आईशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याला, रस्त्यापासून आत. वडील हमरस्त्याच्या कडेला ट्रकच्या चाकांचं पंक्चर काढतात. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आई मात्र बरीच वर्षं बिरवाडीतल्या एका खानावळीत भाकरी करायची. एमआयडीसीतले कामगार बिरवाडीत खोल्या घेऊन राहतात, त्यांना दोन वेळचं जेवण आणि डबा त्या खानावळीतून जायचा. मी महाडला कॉलेजात आले तेव्हा आईने बिरवाडीत खोली घेतली. तेव्हापासून आम्ही दोघी तिथे, आणि वडील रविवारी येणार.

खानावळ खालांची होती. त्यांना सगळे खालाच, म्हणजे मावशी, म्हणत, गिऱ्हाईकंसुद्धा. त्यांचा मुलगा आखातात, सून बाळंतपणाला टेकलेली. तिकडे जायचं तर खानावळीचं काय, हा प्रश्न त्यांना पडला होता. शहरातला एक केटरर जागा घ्यायला तयार होता, पण तो स्वतःची माणसं आणणार होता. म्हणजे आई धरून सहाही बायका घरी बसणार. मी हे सहज ताईंना सांगितलं. मी फार काही विचार करून सांगितलं नव्हतं. ताई दुसऱ्याच दिवशी बिरवाडीला आल्या, खालांच्या हातचा चहा प्यायल्या, आणि महिन्याभरात असं ठरलं की खानावळ त्या सहा जणींच्याच हाती सोपवायची. सहाही जणी मालक, सहाही जणी कामगार. खाला अजून दोन महिने इथे होत्या. तोवर त्यांनी दाराजवळ खुर्चीवर बसायचं, पण कारभारात बोलायचं नाही, अशी अट त्यांनी स्वतःच स्वतःला घातली.

पहिल्या बैठकीत ताईंनी विचारलं, “मालक म्हणजे कोण?”

सगळ्या गप्प. मग भांडी घासणाऱ्या काकी बोलल्या. त्या वरंधच्या, अंगाने बारीक आणि तोंडाने धारदार. “जो दुपारी झोपतो तो.”

“मी कधी झोपले गो?” दारातून खाला म्हणाल्या.

“खाला, तुमी बोलायचं नाय हाय.”

“मी कुठे बोलले? मी खोकले.”

हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही. आता वाटतं लिहायला हवं होतं.

तर मुद्दा असा. संस्थेच्या एका पुस्तिकेत कामं फिरती ठेवण्याविषयी लिहिलेलं होतं. माणूस वर्षानुवर्षं एकाच कामाला जुंपला की त्याला बाकीचं काम दिसेनासं होतं. वाईट काम एकाच्या वाट्याला आणि चांगलं दुसऱ्याच्या, असं होऊ नये. म्हणून सगळ्यांनी सगळी कामं आळीपाळीने करावीत. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा परीक्षेसाठी वाचतात तसं, दुसऱ्यांदा आईसाठी. आईच्या उजव्या हाताची बोटं तव्याने इतकी चोपडी झाली होती की रेशन दुकानातलं यंत्र तिचा अंगठा घ्यायचं नाही. दुकानदार तिला अंगठा पदराला पुसायला सांगायचा, मग ओला करायला सांगायचा, मग दुसरा बघा म्हणायचा. मागची माणसं चुळबुळ करायची. मला तेव्हा फार लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून नंतर आणखी लाज वाटायची. मला वाटलं, आईला त्या तव्यापासून उठवण्याची ही संधी आहे. कॉलेजात जाऊन मी आईसाठी काहीतरी केलं, असं होईल.

मी मोठ्या कागदावर तक्ता काढला. सहा जणी, सहा कामं: भाकरी, बाजार, डबे भरणं, भात-डाळ, भांडी आणि कालवण. दर सोमवारी प्रत्येकीने एक घर पुढे सरकायचं. रंगीत स्केचपेन वापरले. ताई म्हणाल्या, “छान आहे. पण त्यांना नीट विचार हं. आपण सुचवायचं, ठरवायचं त्यांनी.” मी हो म्हणाले. मी खरंच नीट विचारणार होते.

बैठक दुपारची होती, जेवणं उरकल्यावर. पुढच्या खोलीत बाकं भिंतीला सरकवून सतरंजी घातलेली. मी तक्ता भिंतीला चिकटवला आणि समजावून सांगितलं. घाबरले होते, त्यामुळे जरा पुस्तकी बोलले. बायका तक्त्याकडे बघत होत्या. काकींनी विचारलं, “म्हंजे मी भांड्यांवरून उठणार?”

“हो काकी. सहा आठवड्यांत एकदाच भांडी.”

“लिही मग माझं नाव. दोनदा लिही.”

सगळ्या हसल्या. मी विचारलं, “मग सगळ्यांना मान्य आहे?” त्याच वेळी आई उठली. “डाळीखाली गॅस चालू राहिला वाटतं,” म्हणत ती आत गेली. बाकीच्या “व्हय, व्हय” म्हणाल्या. मी आतल्या दाराकडे बघून विचारलं, “आई, तुला?” आतून भांड्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, “तुमी ठरवाल तसं.” संस्थेच्या छापील कागदावर दोन रकाने होते, ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’. मी ‘बाजूने’मध्ये सहा लिहिले, ‘विरुद्ध’मध्ये शून्य, आणि खाली सुवाच्य अक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’.

डाळ तर तासापूर्वीच उतरवली होती. ते माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, पण मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

सोमवारी आई बाजाराला गेली आणि तव्यावर दुसरी एक वहिनी बसली. आमच्याकडे भाकरी तांदळाची, उकड काढून मळायची आणि पाण्याच्या हाताने थापायची. दिसायला सोपं आहे. त्या वहिनींची भाकरी तव्यावर टाकली की कडेने फाटायची, आणि न फाटलेली फुगायची नाही. कामगार मुकाट्याने जेवले. फक्त क्रेन चालवणारे एक काका, जे रोज कोपऱ्यात बसायचे, त्यांनी एक भाकरी दोन्ही हातांनी तोंडासमोर धरली आणि भोकातून माझ्याकडे बघितलं.

“काय दिसतंय काका?” मी विचारलं.

“लोकशाही,” ते म्हणाले.

मला वाईट वाटलं, पण मला वाटलं की हे होणारच. पुस्तिकेत लिहिलंच होतं, सुरुवातीला थोडी गैरसोय होईल. दुसऱ्या आठवड्यात तव्यावर काकी आल्या. त्यांच्या भाकऱ्या फाटत नव्हत्या, पण जाड व्हायच्या, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. “पोटाला आधार होतो,” त्या ताटात भाकरी टाकताना म्हणायच्या. आई त्या आठवड्यात डबे भरत होती. ती कोणाला काही बोलली नाही. तव्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीवर आल्यावर मात्र भाकरी टाकायची तेव्हा ती आम्हा दोघींना लागतात त्यापेक्षा जास्तच टाकायची. शेजारच्या खोलीत नेऊन द्यायची. मी विचारलं, “इतक्या कशाला?” तर म्हणाली, “पीठ उरलं होतं.”

खाला दारातून सगळं बघत होत्या. त्या आठवड्यात त्यांचा खोकला फार वाढला होता.

रविवारी वडील आले. आई पाणी भरायला नळावर गेली होती. वडील चहा पीत बसले, आणि म्हणाले, “तुझ्या आईचं काय बिनसलंय?”

“काही नाही. का?”

“एकतारखेपासून पॅकिंगला जाते म्हणते. कंपनीत, ठेकेदाराकडे. तुला सांगू नको म्हणाली हाय. तर मी सांगितलं नाय.”

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग मी म्हणाले, “पण ती मालक आहे खानावळीची. मालक कसा सोडून जाईल?”

“तव्यावरून उठवलंत ना तिला?”

“सगळ्यांनी मिळून ठरवलं. तीसुद्धा हो म्हणाली.”

“हो म्हणाली?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बैठक, तक्ता, गॅस चालू राहिला म्हणून आई आत गेली, मी तिला विचारलं आणि ती म्हणाली तुम्ही ठरवाल तसं. वडिलांनी कप खाली ठेवला.

“माणूस उठून गेला आणि तू ठराव लिहिलास?”

“म्हणजे?”

“म्हंजे काय म्हंजे. तू गावकीला कधी बसली नाहीस काय?”

बसले होते. लहानपणी किती वेळा वडिलांच्या मांडीला टेकून बसले होते. शिमग्याच्या आधी देवळात गावकी बसते, सगळा गाव गोल करून. पालखी कोणाच्या दारी आधी, वाट कोणाच्या शेतातून, विहिरीचा गाळ कोणी काढायचा. तिथे तोंडावर ‘नाय’ म्हणायची रीत नाही. ज्याला पटत नाही तो तंबाखू थुंकायला म्हणून उठतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. मोठी माणसं ते बघतात, आणि तो विषय तिथेच थांबतो. मग कोणीतरी बाहेर जातं, विडी पेटवून त्याच्या शेजारी उभं राहतं, आणि दोघं परत आत आले की तोच विषय वेगळ्या तोंडाने मांडला जातो. मी हे शंभरदा पाहिलं होतं. ताई मोठ्या शहरात वाढल्या, त्यांना माहीत नसणं ठीक होतं. मला माहीत होतं. पण माझ्या हातात छापील कागद होता, आणि त्यावर ‘उठून गेली’ असा रकाना नव्हता.

“आपल्यात उठून जाणं म्हंजे सगळ्यात मोठा नाय,” वडील म्हणाले. “ती एवढ्या मोठ्याने नाय म्हणाली आणि तू तिचं हो लिहिलंस. पॅकिंगला नाय तर काय करील?”

तेवढ्यात आई हंडा घेऊन आली. वडील लगेच टायरच्या भावाविषयी बोलायला लागले. त्यांना गुपित ठेवता येत नाही, पण विषय बदलायला फार छान येतो.

एकतारखेला नऊ दिवस होते. मी दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून संस्थेत गेले आणि ताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रागावतील किंवा काम काढून घेतील. त्यांनी हातातली पुस्तिका मिटून ठेवली. मग म्हणाल्या, “मी इतकी वर्षं बैठका घेते. उठून जाणाऱ्या बायका मला आठवतायत गं. कोणाची मुलं रडायची, कोणाचं दूध उतू जायचं. मी म्हणायचे, जाऊन या, आम्ही पुढे घेतो.” त्या हसल्या, पण ते हसणं जरा वेळाने थांबलं. “आता काय करायचं म्हणतेस?”

 परत बैठक घ्यायची, एवढंच सुचत होतं. पण बैठकीत आई परत उठून जाणार, हेही दिसत होतं. तिला सरळ विचारावं तर ती मुलीला नाही म्हणणार नाही. मी कॉलेजात गेल्यापासून माझ्या कुठल्याही गोष्टीला ती नाही म्हणत नव्हती. ही गोष्ट मला आवडायची. तेव्हा प्रथम ती मला बरी वाटली नाही.

उपाय खालांनी काढला, आणि तोही बोलायचं नाही ही अट न मोडता. मी संध्याकाळी खानावळीत गेले तर त्या दाराशी खुर्चीवर होत्या. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. आत स्वयंपाक चालू होता. सहाही जणी एकदम बोलत होत्या, कोणाच्या सुनेविषयी, कोणाच्या गुडघ्याविषयी, मच्छीवाल्याने बांगडे कालचे दिले त्याविषयी. आईचाही आवाज होता. चांगला चढलेला. मच्छीवाल्याला ती काय काय म्हणत होती ते मी इथे लिहीत नाही.

खालांनी माझ्याकडे बघितलं, हनुवटीने आतल्या दिशेला खूण केली आणि म्हणाल्या, “ऐक.”

“काय ऐकू?”

“मी काय बोलणार? मला बोलायचं नाय हाय.” आणि परत हनुवटी.

मला समजायला थोडा वेळ लागला. सतरंजीवर गोल करून बसवलं की या बायका पाहुण्यांसारख्या गप्प व्हायच्या. हातात काम असलं की बोलायच्या. आणि तव्यावर भाकरी असताना कोणालाही गॅस चालू राहिला म्हणून उठून जाता येत नाही.

म्हणून पुढची बैठक स्वयंपाकघरात, संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेला घेतली. ताई भिंतीशी एका पिठाच्या डब्यावर बसल्या. त्यांना लसूण सोलायला दिला होता. मी उभी होते, वही ओट्याच्या कडेला. मी आधीच सांगून त्या दिवसापुरती आईला तव्यावर बसवलं होतं. तक्त्याप्रमाणे ज्यांची पाळी होती त्या वहिनींना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाल्या, बसू दे, बसू दे.

मी सुरुवात केली. “मागचा ठराव मी चुकीचा लिहिला. सहा जणींनी हो म्हटलं नव्हतं. एक जण उठून गेली होती, आणि मला त्याचा अर्थ माहीत होता.”

 आईने परातीत पाण्याचा हात फिरवला आणि भाकरी थापायला घेतली. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं किंवा होतं.

“त्यामुळे तो ठराव रद्द समजा. आता परत बोलू. भाकरीचं काय करायचं?”

“काय करायचं म्हंजे,” आई तव्याकडे बघत म्हणाली. तिने भाकरी उलटली. “भाकरी माझी हाय.”

एवढंच. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं, आणि ज्या वहिनी कांदा चिरत होत्या त्यांची सुरी थांबली.

“खानावळ सगळ्यांची आणि भाकरी तेवढी तुझी?” काकी म्हणाल्या. त्या मोरीपाशी होत्या, पण त्यांच्या हातात भांडं नव्हतं.

“तुझी भाकरी बघितली मी. त्यावर बसून जेवता येईल.”

“मग शिकव. अकरा वर्षं भांडी घासते मी हितं. एक दिवस तरी म्हणालीस, ये काकी, बस तव्यावर?”

“तू इचारलंस कधी?”

“इचारायला तू जागा सोडलीस कधी?”

ताईंनी लसूण सोलणं थांबवलं होतं. मला वाटलं त्या मध्ये बोलतील. त्यांनी पुढची पाकळी उचलली.  आईला मी माझ्या आयुष्यात कोणाशी असं समोरासमोर भांडताना पाहिलं नव्हतं, मच्छीवाला सोडला तर.

“हे बघ,” आई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, पण ती थांबली नाही. “मला लिहायला येत नाय तुमच्यासारखं. कंपनीतला माणूस इथे येतो तो माझ्या भाकरीसाठी येतो. मला माहीत हाय आणि त्यालाबी माहीत हाय. तेवढंच माझ्याकडे हाय. ते पण तक्ता काढून वाटलंत, तर मी इथे कोण? कोणीबी चालेल मग इथे. मीच कशाला?”

भाकरी तव्यावर टम्म फुगली होती. तिने ती पेटत्या शेगडीवर धरली, उलटी केली, टोपलीत टाकली.

“आणि मी?” काकी म्हणाल्या. “मी नसले तर कोणीबी चालेल. हे मी रोज घासताना बोलते मनाशी. तुला पंधराच दिवस बोलायला लागलं तर रडू आलं.”

“मला कुठे रडू आलं? धूर हाय.”

“गॅसचा धूर?”

मागून कोणीतरी हसलं, मग आईसुद्धा जरा हसली. पण भाकरीचं तिने मान्य केलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं. पुढे अर्धा तास बोलणं झालं, कालवण शिजेपर्यंत. भांडी सगळ्यांमध्ये फिरती राहावीत, याला सगळ्यांनी हो म्हटलं, आईने पहिल्यांदा. बाजार दोघींनी मिळून करायचा, तेही झालं. मग त्या कांदा चिरणाऱ्या वहिनींनी सुचवलं की आठवड्यातले दोन दिवस ज्यांना शिकायचंय त्यांनी तव्यावर बसावं, आईने शेजारी बसून शिकवावं, आणि त्या दिवशी फसलेल्या भाकऱ्या गिऱ्हाइकाला न देता आपण खाव्या. बाकी दिवस भाकरी आईची.

“एक दिवस,” आई म्हणाली.

“दोन,” काकी म्हणाल्या.

मी विचारलं, “दोन दिवसांच्या बाजूने कोण?”

पाच हात वर झाले. एकाला मसाला, एकाला साबण, एकाला कांद्याची सालं.

“विरुद्ध?”

आईने हात वर केला. पिठाचा, कोपरापर्यंत. बोटांवरून पाण्याचे थेंब तव्यावर पडून चुरचुरले. ती ताईंकडे बघत नव्हती आणि काकींकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी लिहिलं. बाजूने पाच, विरुद्ध एक. ‘विरुद्ध’च्या रकान्यातला तो पहिला एक.

“माझं नाव लिहिलंस?” आईने विचारलं.

“लिहिलं.”

“दाखव.”

मी वही तिच्यासमोर धरली. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने सावकाश वाचलं, आधी स्वतःचं नाव, मग शेजारचा शब्द. तो जोडाक्षराचा असल्याने तिला दोनदा वाचावा लागला. “बरं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाजूला हो, पीठ लागेल वहीला.”

मी त्या दिवशी घरी येताना फार खूश नव्हते. ताई खूश होत्या. बसस्टॉपपर्यंत त्या बोलतच होत्या, हाताला लसणाचा वास येत होता आणि तो वास घेऊन त्या महाडला गेल्या. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं, आई हरली. तिने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने नाही म्हटलं आणि पाच जणींनी तिला हरवलं, आणि ती बैठक मी घेतली. एकतारखेला आता सहा दिवस राहिले होते. मी तिला पॅकिंगचं काही विचारलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं असं ठरलेलं होतं.

पहिला शिकवणीचा दिवस गुरुवार. मी सकाळी कॉलेजला जायच्या आधी डोकावले. काकी तव्यावर, आई शेजारी पाटावर, दोन्ही हात मांडीत दाबून धरलेले.

“पाणी जास्त झालं,” आई म्हणाली.

“बघत्ये मी.”

“बघून काय, हात हलका ठेव. मारतेस काय तिला?”

“ठरावात शिकवायचं लिहिलंय. टोचायचं नाय लिहिलेलं.”

“कडा बघ, कडा.”

तिसरी भाकरी अर्धी फुगली. एका बाजूने. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या, आणि आईने मांडीतला एक हात काढून फडक्याने त्या बाजूला हळूच दाबलं, तेव्हा दुसरी बाजूसुद्धा वर आली. काकींनी ती भाकरी टोपलीत टाकली नाही. पदराखाली घेतली. घरी न्यायची म्हणाल्या, नवऱ्याला दाखवायला. “फसलेल्या आपण खायच्या ठरलंय,” आई म्हणाली, “फुगलेली गिऱ्हाइकाची.” काकी म्हणाल्या, “मग ही फसलेलीच समज.”

एकतारखेच्या आदल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आमच्या खोलीवर आला. मी आत अभ्यास करत होते. पडदा होता, पण ऐकू येत होतं. तो म्हणाला, मावशी, उद्या सातला गेटवर या, दोन फोटो आणि आधार कार्ड घेऊन. मी पुस्तकाचं एक पानसुद्धा उलटलं नाही.

“उद्या नाय जमायचं,” आई म्हणाली.

“परवा?”

“परवा पण नाय. शुक्रवारी आमची बैठक हाय.”

“बैठक किती वेळाची? तासभर. मग या की.”

“तसं नाय,” आई म्हणाली.  “मागल्या बैठकीत त्यांनी माझं ऐकलं नाय. दोन दिवस ठरवले. मला एकच हवा हाय. तो मी परत मांडणार. आता मी गेले तर मांडणार कोण?”

त्या माणसाला यातलं काही समजलं असेल असं वाटत नाही. तो म्हणाला, मग पुढच्या महिन्यात बघू. आई म्हणाली, बघू. दार लावून ती आत आली आणि मला म्हणाली, “ऐकत होतीस ना?”

मी हो म्हणाले.

“मग सांग. ठराव परत मांडायचा तर आधी लिहून द्यायला लागतो काय?”

मी तिला सांगितलं की लिहून दिलेला बरा, आणि दुसऱ्या कोणाचा तरी पाठिंबा लागतो.  सहा जणींची नावं तिने बोटांवर घेतली, एक-एक करून, आणि काकींच्या नावावर आल्यावर थांबली.

“तिला सांगते,” आई म्हणाली. “शिकली की तिलाच वाटेल दोन दिवस जास्त हायत.” मग वहीचं एक कोरं पान फाडून तिने समोर ठेवलं, पेन स्वतःकडे ओढून घेतलं, आणि मला फक्त शब्द सांगायला सांगितले.